स्नायूंचें सरपण

कोल्हापूरच्या एखाद्या आखाड्यांत दोन मल्ल एकमेकांना भिडतात. पकड बसते, एक जण दुसऱ्याला उचलण्यासाठीं अंगांतलें सारें बळ एकवटतो, आणि पुढच्या आठ-दहा सेकंदांतच त्याची छाती लोहाराच्या भात्याप्रमाणें खालींवर होऊं लागते. त्याच महाराष्ट्रांत ज्येष्ठाच्या अखेरीस साठी उलटलेली एखादी वारकरीण डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन आळंदीहून निघते, आणि मजल दरमजल करीत आषाढी एकादशीच्या सुमारास पंढरपूर गांठते. तिला धाप लागत नाहीं. उलट चालतां चालतां ती अभंगही म्हणते. दोघांचेही स्नायु एकाच जातीच्या मांसाचे. दोघांनाही शक्ति मिळते ती पोटांत गेलेल्या अन्नांतूनच. मग एकाचा दम कांहीं सेकंदांत संपावा आणि दुसरीचा तीन आठवडे पुरावा, हें कसें?

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचें उत्तर मिळविण्यास शास्त्रज्ञांना दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. या काळांत दोनदां तर असें झालें कीं, उत्तर सांपडलें म्हणून जगानें तें मान्य केलें, पाठ्यपुस्तकांत तें छापलें गेलें, एकदां त्याच्या कर्त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालें, आणि मागाहून तें चुकीचें ठरलें. श्रमासाठीं लागणारें सरपण शरीर कोठून आणतें, याची हकीकत आज सांगावयाची आहे. ती सांगतांना शहाणीं माणसें चुकतात कशीं आणि चुकल्यावर सांवरतात कशीं, हेंही ओघानेंच येईल.

आरंभ पॅरिसमध्यें झाला. आंत्वान लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञानें १७८२-८३ च्या हिंवाळ्यांत लाप्लास या गणितज्ञाच्या साहाय्यानें एक गिनिपिग बर्फानें वेढलेल्या पात्रांत ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळलें, हें त्यांनीं मोजलें. तो श्वासावाटें किती कर्बवायु बाहेर टाकतो, हेंही मोजलें. आणि तितकाच वायु देण्याइतका कोळसा जाळला असतां किती बर्फ वितळतें, याच्याशीं त्याचा मेळ घातला. दोन्ही आंकडे बरेच जवळ आले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हा सिद्धान्त येथें पक्का झाला. पुढें १७८९ च्या सुमारास लाव्हाझिएनें आपला तरुण सहकारी आर्मां सेगँ याच्या तोंडावर मुखवटा चढविला, आणि तो किती प्राणवायु घेतो हें मोजण्यास आरंभ केला. सेगँ उपाशीपोटीं स्वस्थ बसला असतां जितका प्राणवायु घेई, त्याच्या अडीचपटींहून अधिक तो वजन उचलण्याचें काम करतांना घेई. मेजाशीं बसून मादाम लाव्हाझिए टिपणें घेत. त्यांनीं रेखाटलेलें त्या प्रसंगाचें चित्र आजही पाहावयास मिळतें. राज्यक्रांतीच्या त्या दिवसांत लाव्हाझिएला या आंकड्यांतून आणखीही एक गोष्ट दिसली : हातांच्या श्रमावर पोट भरणारा गरीब मनुष्य आळशी श्रीमंतापेक्षां आपलें शरीर अधिक जाळतो, आणि नेमकें त्यालाच अन्न कमी मिळतें. १७९४ च्या मे महिन्यांत त्याच क्रांतीनें लाव्हाझिएचा शिरच्छेद केला. ज्वलन फुप्फुसांत होतें, अशी त्याची समजूत होती. तें शरीराच्या पेशीपेशींत होतें, हें निश्चित होण्यास आणखी ऐंशीं वर्षें जावीं लागलीं.

शरीरांत कांहींतरी जळतें, हें ठरलें. पण जळतें काय? या प्रश्नाचें उत्तर जर्मनींतील युस्टुस फॉन लीबिग यानें १८४२ सालीं मोठ्या आत्मविश्वासानें दिलें. लीबिग म्हणजे त्या काळच्या रसायनशास्त्राचा सम्राट. त्याचें म्हणणें असें कीं, पिष्ट, साखर आणि स्निग्ध पदार्थ हे केवळ शरीर ऊबदार ठेवण्यासाठीं जळतात. काम करण्याची शक्ति मात्र स्नायूंतील मांस झिजून निर्माण होते. म्हणून श्रम जितके अधिक तितकें मांस अधिक झिजणार, आणि ती झीज भरून काढण्यास नत्रयुक्त अन्नच खावें लागणार. विचार ऐकण्यास किती सयुक्तिक! काम स्नायु करतो. स्नायु मांसाचा बनलेला आहे. तेव्हां मांसच खर्चीं पडत असलें पाहिजे. वीस वर्षें बहुतेकांनीं हें मत प्रमाण मानलें.

तें मत ज्यांनीं मोडलें त्यांना त्यासाठीं एक डोंगर चढावा लागला. झुरिक येथें आडोल्फ फिक हे शरीरक्रियाशास्त्राचे आणि योहानेस विस्लिसेनुस हे रसायनशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनीं असा विचार केला : नत्रयुक्त पदार्थ शरीरांत खर्चीं पडला कीं त्यांतील नत्र मूत्रावाटें बाहेर येतो. तेव्हां मूत्रांतील नत्र मोजला म्हणजे किती मांस झिजलें हें कळेल. आणि डोंगर चढणाऱ्या मनुष्यानें किती काम केलें, हें तर शाळेंतला मुलगाही सांगेल. शरीराच्या वजनाला चढाच्या उंचीनें गुणलें कीं झालें. हे दोन आंकडे समोरासमोर मांडले, तर लीबिगचा जमाखर्च जुळतो कीं नाहीं तें आपोआप दिसेल.

स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्झ सरोवराच्या कांठीं फाउलहॉर्न नांवाचें शिखर आहे. सरोवरापासून शिखरापर्यंतचा चढ त्यांनीं १,९५६ मीटरांचा धरला. २९ ऑगस्ट १८६५ च्या दुपारपासून दोघांनीं नत्रयुक्त अन्न वर्ज्य केलें. चरबींत तळलेल्या पिष्टाच्या वड्या आणि साखर घातलेला चहा, यांवरच त्यांनीं मुख्यतः गुजराण केली. दुसऱ्या दिवशीं पहांटे पांचच्या सुमारास ते चढूं लागले आणि दुपारीं एक वाजून गेल्यावर शिखरावरच्या विश्रामगृहांत पोंचले. वाटेंत, आणि वर पोंचल्यावरही कांहीं तास, त्यांनीं आपलें सर्व मूत्र बाटल्यांतून जपून ठेवलें. एवढें झाल्यावर संध्याकाळीं भरपूर मांसाहार करून त्यांनीं हें चमत्कारिक व्रत सोडलें.

आतां हिशेब पाहा. फिक यांचें वजन ६६ किलो, विस्लिसेनुस यांचें ७६. म्हणजे नुसतें शरीर वर नेण्यापुरतेंच फिक यांनीं १,२९,०९६ आणि विस्लिसेनुस यांनीं १,४८,६५६ किलोग्रॅम-मीटर काम केलें. मूत्रांतील नत्रावरून पाहतां प्रत्येकाच्या शरीरांत सुमारें ३७ ग्रॅम प्रथिन खर्चीं पडलें होतें. एवढ्याशा प्रथिनांतून शक्ति किती निघते, याचा नेमका आंकडा त्या वेळीं कोणापाशींच नव्हता. तो पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें एडवर्ड फ्रँकलंड यांनीं काढला. हे फिक यांच्या बहिणीचे यजमान. त्यांनीं निरनिराळे अन्नपदार्थ प्रत्यक्ष जाळून त्यांची उष्णता मोजली. तेव्हां असें दिसून आलें कीं, त्या ३७ ग्रॅम प्रथिनाची सारी शक्ति कणभरही वायां न जातां डोंगर चढण्याकडेच लागली असें धरलें, तरी फिक यांच्या कामाचा जेमतेम अर्धाच वाटा भरून निघतो. वस्तुतः स्नायु मिळालेल्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपानें गमावतात. आणि हृदयानें व श्वासाच्या स्नायूंनीं आठ तास केलेलें काम तर या हिशेबांत धरलेलेंच नव्हतें.

म्हणजे लीबिगच्या वहींत खर्च दुपटीनें अधिक आणि जमा अर्धीही नाहीं. सम्राटाचें मत पिष्टाच्या वड्यांनीं कोसळलें. प्रथिनें स्नायूंची बांधणी आणि डागडुजी करतात. दीर्घ श्रमांत त्यांचाही थोडा वाटा जळतो. परंतु श्रमाचें मुख्य सरपण म्हणजे पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थच. पिष्टाचा सांठा शरीरांत कोठें असतो, हें तर त्यापूर्वींच क्लोद बर्नार यानें शोधून ठेवलें होतें. १८५७ सालीं त्यानें यकृतांतून पिष्टासारखा एक पदार्थ वेगळा काढला. त्याचें नांव ग्लायकोजेन, म्हणजे साखर निर्माण करणारा. हाच पदार्थ स्नायूंतही सांठविलेला असतो.

वारकरणीचें कोडें अशा रीतीनें बरेंचसें सुटलें. ती श्वास घेते, रक्त प्राणवायु स्नायूंपर्यंत नेतें, तेथें साखर आणि मेद मंदपणें जळतात, आणि ती चालते. हल्लीं ज्याला एरोबिक व्यायाम म्हणतात तो हाच : प्राणवायूच्या साहाय्यानें केलेला श्रम. पण मल्लाचें काय? त्याचा सारा पराक्रम प्राणवायु पुरेसा पोंचण्याच्या आधींच होऊन गेलेला असतो. धाप लागते ती मागाहून. हवेवांचून सरपण पेटतें कसें? अॅनेरोबिक, म्हणजे प्राणवायूवांचून होणाऱ्या श्रमाचें हें कोडें सोडवितांना शास्त्र दुसऱ्यांदा फसलें.

या वेळीं फसविणाऱ्या पदार्थाचें नांव दुग्धाम्ल. स्वीडनमधील शेले यानें तें १७८० सालीं आंबलेल्या दुधांतून काढलें होतें, आणि त्याच देशांतील बर्झेलियस याला १८०७ सालीं तें मांसांतही आढळलें. पुढें पुष्कळांनीं तें स्नायूंत मोजून पाहिलें. पण एकाचा आंकडा दुसऱ्याशीं जुळेना. याचें कारण १९०७ सालीं केंब्रिजमधील वॉल्टर फ्लेचर आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांनीं उघड केलें. मोजण्यासाठीं स्नायु कापला, ठेंचला, कीं त्या छळानेंच त्यांत दुग्धाम्ल तयार होतें! म्हणून त्यांनीं बेडकाचे स्नायु आधीं बर्फासारख्या थंड अल्कोहोलांत बुडवून तेथेंच कुटले, म्हणजे स्नायूंतील सर्व क्रिया जागच्या जागीं थांबत. तेव्हां स्वच्छ दिसलें कीं, विसावलेल्या ताज्या स्नायूंत दुग्धाम्ल अत्यल्प असतें. प्राणवायूवांचून त्याला राबविलें कीं तें सांचत जातें. आणि थकलेला स्नायु पुन्हां प्राणवायूंत ठेवला कीं तें नाहींसें होतें.

या पायावर इमारत चढविली ती इंग्लंडमधील आर्चिबल्ड हिल आणि जर्मनींतील ओटो मायरहोफ यांनीं. स्नायु आकुंचन पावतांना आणि नंतर सावरतांना किती उष्णता निघते, हें हिल यांनीं अतिशय नाजूक उपकरणांनीं मोजलें. दुग्धाम्ल ग्लायकोजेनपासूनच बनतें, आणि विश्रांतींत त्यांतील थोडा भाग जळून उरलेल्याचें पुन्हां ग्लायकोजेन होतें, हें मायरहोफ यांनीं दाखविलें. १९२२ चें नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यांत आलें. हिल स्वतः चांगले धांवणारे. पाठीवर हवेची पिशवी बांधून ते आणि त्यांचे सहकारी धांवत, आणि श्वासांतील प्राणवायु मोजीत. धांवणें थांबल्यावरही कित्येक मिनिटें शरीर अधिक प्राणवायु घेत राहतें, याला त्यांनीं नांव दिलें ‘प्राणवायूचें ऋण’. मल्ल आधीं उधारीवर काम करतो आणि मागाहून धापा टाकीत तें कर्ज फेडतो. उपमा इतकी चपखल कीं ती सर्वतोमुखीं झाली. तिच्याबरोबरच असाही सिद्धान्त रूढ झाला कीं, दुग्धाम्लाची निर्मिति हीच स्नायूला आखडावयास लावणारी मूळ क्रिया होय.

दुग्धाम्ल नाहीं तर आकुंचन नाहीं, असें हें मत होतें. १९२९-३० मध्यें कोपनहेगन येथील एइनार लुंड्सगार्ड हा तरुण संशोधक निराळ्याच हेतूनें आयोडोअॅसेटिक अम्ल हें विष जनावरांना टोंचून पाहत होता. तीं जनावरें ताठरून मेलीं. पण त्यांच्या थकलेल्या स्नायूंत दुग्धाम्ल मुळींच वाढलेलें नव्हतें. तेव्हां त्यानें बेडकाचे सुटे स्नायु याच विषानें भारून त्यांना विजेचे झटके दिले. विषामुळें दुग्धाम्लाची निर्मिति पार बंद पडली होती. तरीही स्नायु पुन्हां पुन्हां आकुंचन पावत राहिला, आणि कांहीं वेळानें मग ताठरला. म्हणजे दुग्धाम्ल हें आकुंचनाचें कारण नव्हे. नोबेल पारितोषिकाच्या इमारतीचा पायाच निखळला.

आतां हिल काय करतात, हें पाहण्याजोगें होतें. आपल्या कीर्तीच्या बचावासाठीं त्यांना शंका काढतां आल्या असत्या, आणि त्या लोकांनीं ऐकूनही घेतल्या असत्या. त्यांनीं १९३२ सालीं एक लेख लिहिला आणि त्याला ‘स्नायूंच्या शरीरक्रियाशास्त्रांतील क्रांति’ या अर्थाचें नांव दिलें. क्रांति झाली होती ती त्यांच्याच मताविरुद्ध. तिची द्वाही त्यांनीं स्वतः फिरविली.

मग विषानें भारलेल्या त्या स्नायूनें शक्ति आणली कोठून? लुंड्सगार्डला आढळलें कीं, त्या स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन नांवाचा स्फुरयुक्त पदार्थ कामाच्या प्रमाणांत संपत गेला होता. या पदार्थाचा शोध तेव्हां जेमतेम तीन वर्षांपूर्वीं लागला होता, आणि लावणाऱ्यांत एक भारतीय होता. यल्लाप्रगड सुब्बाराव यांचा जन्म १८९५ सालीं आंध्र प्रांतांतील भीमवरम् येथें झाला. मद्रासला वैद्यकाचें शिक्षण घेऊन ते अमेरिकेंत बोस्टनला गेले, आणि रुग्णालयांत हलकींसलकीं कामें करून पोट भरीत हार्वर्ड येथें सायरस फिस्क यांच्या हाताखालीं संशोधन करूं लागले. रक्तांत व मांसांत स्फुर किती आहे हें निळ्या रंगाच्या गडदपणावरून ओळखण्याची त्यांची १९२५ ची रीत पुढें जगभर प्रयोगशाळांतून वापरांत आली. ती रीत स्नायूंच्या रसाला लावतांना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली : रंग एकदम न येतां हळूहळू गडद होत जाई. दुसऱ्या एखाद्यानें रसायन शिळें झालें म्हणून तें ओतून दिलें असतें. त्यांनीं कारण शोधलें. स्नायूंत स्फुर एका अतिशय नाजूक, सहज तुटणाऱ्या संयुगांत बांधलेला होता, आणि तो हळूहळू सुटत होता. तेंच फॉस्फोक्रिएटिन. १९२७ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं इंग्लंडमध्यें एगल्टन पति-पत्नींनींही स्वतंत्रपणें हाच पदार्थ पाहिला होता.

दोनच वर्षांनीं, १९२९ मध्यें, फिस्क व सुब्बाराव यांनीं स्नायूंतून आणखी एक स्फुरयुक्त पदार्थ वेगळा काढला. त्याच वर्षीं मायरहोफ यांच्या प्रयोगशाळेंतील कार्ल लोमान यांनाही तो सांपडला. त्याचें नांव अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट; सर्व जग त्याला ए.टी.पी. म्हणतें. १९३४ सालीं लोमान यांनीं दाखविलें कीं, फॉस्फोक्रिएटिन आपला स्फुर या ए.टी.पी. लाच परत मिळवून देतें. आणि १९३९ सालीं रशियांतील एंगेलहार्ट व ल्युबिमोव्हा यांनीं दाखविलें कीं, स्नायूंचा मायोसिन हा घटकच ए.टी.पी. चा भंग करतो. स्नायूंच्या बाजारांत चालणारें नाणें हेंच. साखर, मेद, दुग्धाम्ल हीं सारीं धनें आधीं या नाण्यांत मोडून घ्यावीं लागतात. तेव्हांच स्नायु तें स्वीकारतो.

सुब्बाराव यांना त्या विद्यापीठांत कायमची जागा मिळाली नाहीं. १९४० सालीं ते औषधें तयार करणाऱ्या एका कंपनींत गेले, आणि तेथें त्यांच्या देखरेखीखालीं हत्तीपायावरील औषधापासून ऑरिओमायसिनपर्यंत अनेक औषधें पुढें आलीं. १९४८ सालीं वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं ते निवर्तले. मायरहोफ यांनाही ज्यू म्हणून १९३८ सालीं जर्मनी सोडावी लागली, आणि १९४० मध्यें फ्रान्स पडल्यावर त्यांनीं स्पेनमार्गें अमेरिका गांठली. साखरेचा शेवटचा कण प्राणवायूच्या साहाय्यानें कसा जळतो तें चक्र १९३७ सालीं शेफील्ड येथें उलगडणारे हान्स क्रेब्ज हेही जर्मनींतून घालविलेलेच. त्यांचा तो लेख एका नामांकित नियतकालिकानें प्रथम परत पाठविला होता. त्याच शोधासाठीं १९५३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

आणि हिल? १९५० सालीं त्यांनीं रसायनशास्त्रज्ञांना आव्हान दिलें : तुम्ही सर्व ए.टी.पी. चें नांव घेतां, पण जिवंत स्नायूच्या एका आकुंचनांत तें खरोखर खर्चीं पडतें, हें कोणी प्रत्यक्ष दाखविलें आहे काय? एकदां सर्वमान्य मतानें आपल्याला कसें फसविलें, हें ते विसरले नव्हते. या आव्हानाला उत्तर मिळण्यास बारा वर्षें लागलीं. १९६२ सालीं केन आणि डेव्हिस यांनीं फॉस्फोक्रिएटिनची वाट बंद करणारें एक विष वापरून बेडकाच्या स्नायूंत ए.टी.पी. कमी झालेलें दाखवून दिलें, आणि मगच खातें बंद झालें.

आज त्या खात्याचा गोषवारा असा मांडतां येतो. स्नायूंत तयार ए.टी.पी. इतकें थोडें असतें कीं, नेटाच्या श्रमांत तें दोन-तीन सेकंदांतच संपावें. ही हातांतली रोकड. तिच्या पाठीशीं फॉस्फोक्रिएटिन उभें असतें. तें धरून सारें बळ आठ-दहा सेकंद पुरतें. मल्लाची झेप, भारोत्तोलन, शंभर मीटरांची धांव, यांचा बराचसा खर्च येथूनच भागतो. त्याच वेळीं ग्लायकोजेन फोडून दुग्धाम्ल बनविण्याची क्रियाही सुरू झालेली असते. तिला प्राणवायु लागत नाहीं, वेग मोठा, पण उधळपट्टीही मोठी : साखरेच्या एका रेणूपासून या वाटेनें ए.टी.पी. चे दोनच रेणु मिळतात, तर प्राणवायूच्या साहाय्यानें तोच पूर्ण जाळला तर सुमारें तीस. चारशें मीटर जीव खाऊन धांवणाऱ्याला या दुसऱ्या वाटेवर फार अवलंबून राहावें लागतें. श्रम कांहीं मिनिटें चालला कीं प्राणवायूची वाट मुख्य होते. या वाटा एकीमागून एक उघडत नाहींत. सर्व एकदमच उघडतात, श्रमाच्या वेगाप्रमाणें आणि मुदतीप्रमाणें प्रत्येकीचा वाटा तेवढा बदलतो.

दीर्घ श्रमांत आणखी एक प्रश्न उरतो : साखर किती आणि मेद किती? तो सोडविण्याची युक्ति श्वासांतच आहे. नुसती साखर जळत असेल, तर जितका प्राणवायु आंत जातो तितकाच कर्बवायु बाहेर येतो. नुसता मेद जळत असेल तर दहास सात या प्रमाणांत येतो. या मोजमापानें १९३९ सालीं कोपनहेगनमध्यें क्रिस्टेनसेन आणि हानसेन यांनीं दाखविलें कीं, श्रम जसा जड होत जातो तसें शरीर मेद सोडून साखरेकडे वळतें. तींच माणसें कांहीं दिवस मुख्यतः स्निग्ध आहारावर राहिलीं तर जड श्रम दीड तास करूं शकत, आणि पिष्टमय आहारावर राहिलीं तर जवळजवळ चार तास. बोस्टनच्या डॉक्टरांना हेंच त्यापूर्वीं शर्यतीच्या रस्त्यावर दिसलें होतें. १९२४ च्या मॅरेथॉन शर्यतींत जे स्पर्धक अखेरीस गळून, भांबावून गेले होते, त्यांच्या रक्तांतील साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षीं आधीं पिष्टमय आहार आणि वाटेंत गोळ्या-मिठाई दिल्यावर ती अवस्था टळली.

यावर शेवटचा पुरावा स्टॉकहोममध्यें मिळाला. १९६६ सालीं बेर्गस्ट्रोम आणि हुल्टमन या दोघांनीं एकाच व्यायाम-सायकलीच्या दोन बाजूंस बसून प्रत्येकीं एकेका पायानें ती थकेपर्यंत चालविली. दुसरा पाय विश्रांतींत. सुईनें दोन्ही मांड्यांतील मांसाचा कण काढून पाहिला, तेव्हां राबलेल्या पायांतील ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलें होतें, विसावलेल्यांतील जसेंच्या तसें. पुढें तीन दिवस पिष्टमय आहार घेतल्यावर राबलेल्या पायांतील सांठा भरला, इतकेंच नव्हे तर दुसऱ्याच्या दुप्पट झाला. अन्न एकच, रक्त एकच; पण ज्यानें श्रम केले त्याच्याच कोठारांत अधिक भर पडली. तरी हें कोठार लहानच. यकृत व स्नायु मिळून साखरेचा सांठा पांच-सहाशें ग्रॅमच्या घरांत असतो. मेद मात्र सडपातळ माणसाच्या अंगींही कित्येक किलो असतो, आणि ग्रॅमागणिक साखरेच्या दुपटीहून अधिक शक्ति देतो. तो सावकाश मोडतो आणि प्राणवायूवांचून मुळींच उपयोगी पडत नाहीं, एवढीच त्याची अट. वारकरीण सावकाश चालते म्हणूनच तिला हें मोठें कोठार उघडतें. धांवत निघाली तर तिलाही लहान कोठारांतूनच खर्च करावा लागेल.

दुग्धाम्लाचीही पुढें निर्दोष सुटका झाली. गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्यानें १९२९ सालीं दाखविलें कीं, स्नायूंतून रक्तांत आलेलें दुग्धाम्ल यकृतांत जाऊन पुन्हां साखर बनतें. १९८० नंतर कॅलिफोर्नियांतील जॉर्ज ब्रुक्स यांनीं पुढें आणलेल्या संशोधनावरून दिसलें कीं, हृदय आणि विसावलेले स्नायु तें सरळ सरपण म्हणूनच जाळतात. श्रमानंतर तासाभरांत तें पूर्वस्थितीवर येतें. तेव्हां दुसऱ्या दिवशीं अंग ठणकतें त्याचा दोष त्याच्या माथीं मारतां येत नाहीं. तो ठणका स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचा असतो.

तरीही व्यायामशाळांतून आजही दोन वाक्यें हमखास ऐकूं येतात. एक : अंग दुखतें तें दुग्धाम्लाच्या विषानें. दुसरें : मांसाचें बळ मांसानेंच चालतें, भाकरीनें नव्हे. यांतील दुसऱ्या वाक्यामागें १८४२ सालचा लीबिग उभा आहे, आणि पहिल्यामागें बेडकाच्या थकलेल्या स्नायूंत सांपडलेलें दुग्धाम्ल. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. श्रमाच्या ठिकाणीं जें प्रथम हातीं लागलें, त्यालाच श्रमाचें किंवा थकव्याचें कारण समजण्यांत आलें; चुलीशीं राख सांपडली म्हणून राखेलाच सरपण म्हटलें. फिक आणि विस्लिसेनुस यांनीं यावर उपाय केला तो एवढाच कीं, जमा आणि खर्च दोन्ही तोलून पाहिले. लुंड्सगार्डनें संशयित वस्तु काढून घेतली आणि काम थांबतें कीं नाहीं तें पाहिलें. आणि हिल यांनीं, हिशेब आपल्या अंगावर आला असतांही, तो बरोबर आहे असें सांगितलें. हे तिन्ही गुण प्रयोगशाळेबाहेरही उपयोगी पडण्याजोगे आहेत. पुढच्या वेळीं एखादा उस्ताद बळाचें रहस्य सांगूं लागला, तर त्याचा मान ठेवून आपण इतकेंच विचारावें : हा हिशेब कोणीं तोलून पाहिला आहे काय?